आंब्याच्या खोडातून पुन्हा पुन्हा भुसा पडतोय? आधी भिरुडाचं वेळापत्रक बघा

आंब्याच्या बुंध्याशी एके सकाळी लाकडाचा भुसा दिसतो. वर पाहिलं की खोडाला भोक असतं, त्यातून काळपट पाणी ओघळलेलं असतं. भोकात औषध सोडलं जातं, ओल्या मातीनं तोंड लिंपलं जातं. दहा-पंधरा दिवस सगळं शांत. मग तिथूनच, नाहीतर हातभर वरून, भुसा पुन्हा सुरू. औषध बदललं जातं, मात्रा वाढवली जाते, पुढच्या वर्षी तोच प्रकार शेजारच्या झाडावर दिसतो, आणि तोवर पहिल्या झाडाची एक फांदी पानांसकट वाळलेली असते.

असं वारंवार होत असेल तर नवं औषध शोधण्याआधी थोडं थांबा. बहुतेक बागांमध्ये औषध चुकलेलं नसतं, वेळ चुकलेली असते. आज बुंध्याशी पडलेला भुसा हा गेल्या पावसाळ्यात घातलेल्या अंड्याचा हिशेब आहे. आपण दर वेळी भुसा दिसला की धावतो. भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा हा किडा, मात्र भुसा दिसण्याच्या कितीतरी आधी कामाला लागलेला असतो आणि भुसा थांबल्यानंतरही बागेत असू शकतो. त्याचं वर्ष कसं जातं हे एकदा नीट कळलं की कधी काय करायचं ते आपोआप ठरतं.

हा नक्की भिरूडच आहे का?

हा प्रश्न आधी, कारण चुकीच्या किडीवर केलेला बरोबर इलाज वायाच जातो.

फांद्यांच्या बेचक्यात, सालीवर, भुसा आणि विष्ठा रेशमी धाग्यात गुंफून केलेल्या तपकिरी पट्ट्या लोंबत असतील तर ती साल खाणारी अळी आहे. ती पतंगाची अळी. दिवसा छोट्या भोकात लपते, रात्री त्या जाळीखालून फिरून साल खाते. जाळी खरवडून काढली आणि भोक साफ केलं तर ती लवकर आटोक्यात येते. तिचं भोक फार खोल जात नाही, त्यामुळे तिला भिरूड समजून खोड कोरत बसू नका.

टाचणीच्या डोक्याएवढी पुष्कळ भोकं आणि त्यातून पिठासारखा बारीक भुसा, कधी कधी उभ्या काडीसारखा बाहेर आलेला, असं असेल तर ते अगदी लहान भुंगेरे आहेत. ते बहुधा आधीच आजारी पडलेल्या झाडावर येतात, म्हणून तिथे मूळ रोग शोधायला हवा. खोडावर मातीचे थर आणि नळ्या असतील तर वाळवी. नुसता डिंक वाहतोय पण भुसा अजिबात नाही, तर बहुतेक वेळा बुरशी किंवा जखम.

भिरुडाचा भुसा हातात घेतला की ओळखू येतो. तो पिठासारखा नसतो, जाडसर आणि तंतुमय असतो. लाकडाचे चावून काढलेले कीस आणि विष्ठेचे गोळे एकत्र, ताजा असेल तर ओलसर आणि फिकट, जुना असेल तर काळपट आणि कोरडा. अळी मोठी होत जाते तसा भुशाचा कीसही जाड होत जातो. म्हणजे भुसा बघूनच आत लहान अळी आहे की मोठी, याचा अंदाज बांधता येतो.

किडा कोण आहे

शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या सेरॅम्बिसिडी कुळातला हा एक दांडगा सदस्य. डी गीर या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञानं १७७५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया हा त्याचा पट्टा, पण तो इस्रायल, मादागास्कर, मॉरिशस, कॅरिबियन बेटं इथपर्यंत पोचला आहे. इस्रायलमध्ये तो अंजिराचा मोठा शत्रू मानला जातो. आपल्याकडे आंबा हे त्याचं आवडतं झाड, पण फणस, अंजीर, तुती, सावर यांच्यावरही तो जगतो. ही यादी लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

प्रौढ भुंगेरा साधारण साडेतीन ते साडेपाच सेंटिमीटर लांब असतो. रंग राखाडी-तपकिरी. मानेमागच्या ढालीवर दोन नारिंगी-पिवळे, मूत्रपिंडाच्या आकाराचे ठिपके, आणि तिच्या दोन्ही कडांना एकेक टोकदार काटा. पाठीच्या कडक पंखांवर पिवळसर ठिपके, आणि पंखांच्या मुळाशी काळे चकचकीत दाणे. मिशा अंगापेक्षा लांब, नराच्या तर खूपच. चिमटीत धरला तर तो मान वरखाली करून ‘चीं चीं’ असा कर्कश आवाज काढतो. हा आवाज तोंडातून येत नाही, मानेचा भाग मागच्या भागावर घासून येतो. धरताना जबड्यापासून बोटं लांब ठेवा, सालीचा तुकडा पाडणारे जबडे आहेत ते.

त्याचं वर्ष

पावसाळ्याच्या तोंडावर आणि पहिल्या पावसांत प्रौढ भुंगेरे लाकडातून बाहेर पडतात. बाहेर पडण्याचं भोक गोल, स्वच्छ कडांचं, अंगठा जाईल एवढं. बाहेर आल्याबरोबर अंडी घातली जात नाहीत. काही दिवस ते कोवळ्या फांद्यांची हिरवी साल कुरतडून खातात आणि मगच मादी अंडी घालण्याजोगी होते. जून-जुलैमध्ये बोटाएवढ्या जाडीच्या फांदीची साल पट्ट्यांनी खाल्लेली दिसली तर ती खूण फार मोलाची आहे. त्या वेळी शत्रू खोडाच्या आत नाही, बाहेर आहे, आणि हाताने पकडता येतो.

मादी जबड्यानं सालीत एक आडवी चीर पाडते आणि त्या चिरेत एक अंडं सरकवते. मग दुसरी चीर, दुसरं अंडं. खोडाचा खालचा भाग, मोठ्या फांद्यांचे सांधे, सालीच्या भेगा, जुन्या जखमा अशा जागा तिला आवडतात. एक मादी आपल्या आयुष्यात शंभराहून जास्त अंडी घालू शकते, आणि प्रौढ भुंगेरा काही महिने जगतो. म्हणजे अंडी घालणं एका आठवड्यात उरकत नाही, पावसाळाभर चालतं. एकदा फवारून मोकळं झालं असं इथे होत नाही.

एक-दोन आठवड्यांत अंड्यातून अळी निघते. पहिले काही आठवडे ती साल आणि लाकूड यांच्या मधल्या मऊ थरात राहते. झाडाचं खरं नुकसान इथेच होतं. पानांत तयार झालेलं अन्न खाली नेणारी वाट हाच थर आहे. अळी आडवी कोरत गेली तर तेवढ्या रुंदीची वाट बंद. एकाच खोडात चार-पाच अळ्या वेगवेगळ्या बाजूंनी कोरत असल्या तर खोडाला भोवताली जणू चीर पडते, खाली मुळं उपाशी राहतात आणि मग वरचं झाडही वाळतं. या काळात बाहेर भुसा जवळजवळ नसतो. असते ती सालीवर एखादी ओलसर काळी डागाळलेली जागा, चिमूटभर बारीक भुसा, डिंकाचा एखादा थेंब.

मोठी झाल्यावर अळी लाकडात शिरते. पाय नसलेली, मळकट पांढरी, गाठीगाठींची, डोकं गडद तपकिरी, जबडे काळे. पूर्ण वाढ झालेली अळी बोटापेक्षा जाड आणि आठ-नऊ सेंटिमीटर लांब होऊ शकते. बोगदा वेडावाकडा असतो, वर जातो, आत वळतो. आतला भुसा बाहेर ढकलण्यासाठी ती अधूनमधून सालीला भोकं पाडते, आणि आपल्याला जी दिसतात ती हीच. हिवाळ्यात नि उन्हाळ्यात ढिगानं भुसा पडतो तो या अवस्थेत.

शेवटी लाकडात एक पोकळी करून, तिचं तोंड लाकडाच्या किसानं बुजवून अळी कोषात जाते. कोषावस्था साधारण तीन-चार आठवड्यांची. या काळात भुसा पूर्ण थांबतो. आणि नेमका इथेच घोळ होतो: एप्रिल-मेमध्ये भुसा थांबला की अनेकांना वाटतं, औषध लागू पडलं. मग पाऊस पडतो आणि त्याच खोडातून भुंगेरा बाहेर येऊन शेजारच्या झाडाकडे जातो.

साधारणपणे वर्षाला एक पिढी असते. पण लाकूड किती ओलं, झाड किती जोमदार, हवामान कसं यावर अळीचा काळ कमी-जास्त होतो, काही अळ्या एका वर्षापेक्षा जास्त काळ आत राहतात. म्हणून एकाच झाडात वेगवेगळ्या वयाच्या अळ्या सापडतात. एका मोसमात कितीही मन लावून काम केलं तरी दुसऱ्या वर्षी थोडा भुसा दिसतोच, तो यामुळे. सलग दोन पावसाळे सांभाळल्याशिवाय बाग मोकळी झाली असं धरू नका. हे मी अगदी आग्रहानं सांगेन, कारण दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतला की पहिल्या वर्षीची मेहनत बहुतेक पाण्यात जाते.

औषध सोडूनही भुसा का येतो

पहिलं कारण अगदी साधं: औषध अळीपर्यंत पोचतच नाही. बोगदा भुशानं ठासून भरलेला असतो. पिचकारीनं सोडलेलं पातळ औषध तो भुसा शोषून घेतो, उरलेलं भोकातून परत बाहेर येतं. अळी बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला कोरडी राहते.

दुसरं, आपण जुन्या भोकात औषध सोडतो. अळी पुढे सरकते तशी नवी भोकं पाडत जाते. खालच्या मोठ्या, काळ्या कडांच्या भोकाकडे आपलं लक्ष जातं, पण अळी बहुधा सगळ्यात ताज्या भुशाच्या जवळ असते. म्हणून आधी खोडावरचा आणि जमिनीवरचा सगळा भुसा झाडून टाका, बुंध्याशी गोणपाट किंवा जुना कागद अंथरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. जिथून ताजा, फिकट, ओलसर भुसा आला ते चालू भोक. बाकीच्यांवर वेळ घालवू नका. हे एक काम केलं नाही तर पुढचं सगळं अंदाजानं होतं.

तिसरं, एक अळी मेली पण आणखी तीन आत आहेत. चौथं, बागेतली अळी संपली पण कुंपणाजवळच्या वाळक्या फणसात, सावरीत किंवा गेल्या वर्षी तोडून रचून ठेवलेल्या आंब्याच्या ओंडक्यात किडा मजेत वाढतोय. तोडलेल्या लाकडातही अळी आपली वाढ पूर्ण करते. आजारी झाड तोडलं आणि लाकूड बागेतच ठेवलं, तर किडा बागेतच ठेवल्यासारखं आहे.

आत असलेल्या अळीचं काय करायचं

चालू भोक सापडलं की धारदार चाकूनं त्याच्या भोवतीची सैल, मेलेली साल जिवंत सालीपर्यंत कापून काढा. जिवंत साल उगाच सोलू नका, आधीच वाट कमी झालेली असते. मग भोकातला भुसा बाहेर ओढून काढा. यासाठी सायकलच्या ब्रेकची जुनी केबल फार कामाची. ती लवचीक असते, बोगद्याच्या वळणानं जाते. टोकाला दोन-तीन तारा उलट्या वाकवून आकडा करा. हळूहळू फिरवत आत सारा. लाकडाला टेकल्यावर हाताला टणक लागतं, अळीला टेकल्यावर मऊ, दबणारं. फिरवून ओढल्यावर तारेच्या टोकाला पांढरट चिकट द्रव आला किंवा अळीचा तुकडा आला तर काम झालं. नुसता कोरडा भुसा आला तर पुन्हा प्रयत्न करा. घाई करू नका, माझ्या मते या एका तारेनं जितक्या अळ्या मरतात तितक्या बाटल्यांनी मरत नाहीत.

बोगदा फार वाकडा असेल आणि तार पोचत नसेल तरच औषधाचा विचार. तेव्हाही आधी भुसा जितका निघेल तितका काढून, बाकीची भोकं मातीनं बंद करून, वरच्या चालू भोकातून हळूहळू सोडायचं, म्हणजे ते खाली उतरत जातं. मग त्याचंही तोंड कापसानं आणि चिकणमातीनं बंद. कोणतं औषध, किती, हे त्या वर्षीची कृषी विद्यापीठाची शिफारस आणि बाटलीवरचं लेबल बघूनच ठरवा. जुन्या पत्रकांत डायक्लोरव्हॉसचा सर्रास उल्लेख आहे. भारतात त्यावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या भोकात घालायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणूस मारतो, आणि त्या गोळ्यांच्या विक्रीवर निर्बंध आहेत ते उगाच नाहीत. पेट्रोलचा बोळा हा जुना उपाय, पण सांडलेलं पेट्रोल जिवंत साल जाळतं, शिवाय उन्हाळ्यात वाळक्या पानांत उभं राहून ते हाताळणं धोक्याचं आहे.

भोक बंद केल्यावर विसरू नका. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्यानं बघा. माती बाहेर ढकललेली असेल तर अळी जिवंत आहे. भोकांवर चुन्यानं खूण केली आणि झाडांचे क्रमांक वहीत लिहिले, तर कुठे नवं आणि कुठे जुनं हे पुढच्या फेरीत लगेच कळतं.

कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात तयार करून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही. तयार मिश्रणात लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर बसला तर आणखी चुन्याचं पाणी हवं. ही पेस्ट आतल्या अळीला मारत नाही. तिचं काम जखमेतून बुरशी शिरू न देणं आणि भेगा झाकणं एवढंच.

कधी काय

तारेचं काम भुसा दिसेल तेव्हा वर्षभर चालतं, पण खरा फायदा दोन वेळांना मिळतो.

एक म्हणजे पावसाळ्याआधीचा महिना. वाळक्या फांद्या छाटून टाका, खोडावरची सुटलेली साल हलक्या हातानं घासून काढा, बुंध्याभोवती चढवलेली माती बाजूला करा म्हणजे खोडाचा तळ दिसेल. खोडाला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत आणि मोठ्या फांद्यांच्या सांध्यांना पेस्ट लावा. पावसानं धुपली तर उघडीप बघून पुन्हा. पाऊस सुरू झाला की रात्री विजेरी घेऊन फेरी मारा. भुंगेरे रात्री हिंडतात आणि दिव्याकडे येतात. सापडलेली प्रत्येक मादी म्हणजे पुढच्या वर्षीची अनेक भोकं वाचली.

दुसरी वेळ पावसाळा ओसरतानाची, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर. या फेरीकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात, कारण भुसा दिसत नाही. पण अळ्या तेव्हा सालीखालीच असतात, करंगळीपेक्षा बारीक. प्रत्येक झाडाभोवती वाकून, खालून वर, सालीवर हात फिरवत जा. ओलसर काळा डाग, मऊ लागणारी साल, चिमूटभर भुसा दिसला की चाकूच्या टोकानं तेवढीच साल उचका. खाली अळी आणि तिची छोटी आडवी वाट दिसेल. अळी काढा, पेस्ट लावा, पुढे चला. औषध नाही, पिचकारी नाही. हीच अळी जानेवारीत काढायला अर्धा तास आणि तारेची झटापट लागते. वर्षातून एकच फेरी शक्य असेल तर ती हीच करा.

जखमा झालेली, पाणी साचणाऱ्या जागेतली, अवजारांनी बुंधा खरचटलेली, उन्हानं साल तडकलेली झाडं आधी तपासा. किडा तरण्या झाडांवरही येतो, पण अशी झाडं त्याला सोपी जातात.

झाड ठेवायचं की काढायचं

मेलेली साल काढून खोडाचा घेर मोजा. घेराच्या निम्म्याहून जास्त भागातली साल आतून मेली असेल आणि सगळ्या झाडाची पानं पिवळी पडून गळत असतील, तर ते झाड वाचवण्यात वेळ घालवू नये असं मला वाटतं. जीव तुटतो, विशेषतः जुनं झाड असेल तर, पण उभं ठेवलेलं मरतं झाड आसपासच्या सगळ्या झाडांना किडा पुरवत राहतं. एकच फांदी वाळली असेल तर ती जिवंत लाकडापर्यंत कापा, कापलेल्या टोकाला पुन्हा बोगदा दिसला तर आणखी खाली कापा.

झाड काढायचं ठरलं तर ते पावसाळ्याआधी काढा, बुंध्याचा राहिलेला खुंटही खणून काढा. ओंडके तसेच रचून ठेवू नका. फोडून बारीक करा, फोडताना सापडलेल्या अळ्या आणि कोष मारा, आणि ते सरपण पहिला पाऊस पडायच्या आत जाळून संपवा. मोठे ओंडके ठेवणं भागच असेल तर बारीक जाळीनं घट्ट झाकून ठेवा आणि जून-जुलैमध्ये जाळीच्या आत अडकलेले भुंगेरे रोज गोळा करा.